इर्सा: घरबसल्या आकाशगंगेतले तरुण तारे शोधायचे असतील तर

आपल्या आकाशगंगेतले नुकते जन्मलेले तारे ज्यांना स्वतः शोधून पाहायचे आहेत, त्यांनी दुर्बिणीच्या चौकशा करण्याआधी इर्सा उघडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नासासाठी कॅल्टेकमधलं आयपॅक हे केंद्र अवरक्त (इन्फ्रारेड) निरीक्षणांचं जे भांडार सांभाळतं, ते हे. १९८३ च्या आयरास उपग्रहापासून आजच्या स्फीरेक्सपर्यंत अवरक्त आकाशाच्या बहुतेक मोठ्या पाहण्यांची चित्रं आणि याद्या इथे एकत्र मिळतात. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही, संगणकावर काही उतरवून घ्यावं लागत नाही. मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मुलंमुली येतात, त्यांच्याबरोबर मी हे बरीच वर्षं वापरते आहे. संशोधकाला इर्सा कसं वाटतं ते संशोधक सांगतील. मी सांगते आहे ते पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी.

दुर्बिणीआधी इर्सा असं का म्हणते, त्याचं कारण धूळ. तारे जन्मतात ते वायू आणि धुळीच्या थंड मेघांच्या पोटात, आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश तिथून बाहेर पडत नाही. आकाशगंगेच्या केंद्राकडे पाहिलं तर दृश्यप्रकाश वाटेतल्या धुळीने सुमारे ३० प्रतींनी (प्रत म्हणजे तेज मोजायचं खगोलशास्त्रातलं माप) मंदावतो, म्हणजे एक लाख कोटी फोटॉनांमागे एखादाच पोचतो. त्याच दिशेला २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अवरक्त प्रकाशात ही घट जेमतेम अडीच-तीन प्रतींची असते. दहा-पंधरांतला एक तरी येतोच. दुसरी बाजू याहून महत्त्वाची. तरुण ताऱ्याभोवती धुळीची तबकडी असते, ती ताऱ्याच्या उष्णतेने तापते आणि स्वतःच अवरक्तात प्रकाशते. सुमारे १५०० केल्विनपुढे धुळीचे कण टिकत नाहीत, त्यामुळे तबकडीची आतली कड साधारण दोन मायक्रॉनच्या आसपास उजळ दिसते. बाहेरचा, ३०० केल्विनच्या आसपासचा भाग दहा मायक्रॉनला. नुसत्या ताऱ्याकडून जेवढा अवरक्त प्रकाश यायला हवा, त्याहून बराच जास्त येतो. हा जादा प्रकाश हीच तरुणपणाची खूण. निम्म्या ताऱ्यांच्या तबकड्या सुमारे तीस लाख वर्षांत विरून जातात, म्हणून जिच्याभोवती तबकडी आहे ती वस्तू वयाने लहान, असं धरता येतं.

आता प्रत्यक्ष वापर. इर्सावर 'फाइंडर चार्ट' नावाचं एक साधन आहे. एक जागा सांगायची, आणि त्याच जागेची वेगवेगळ्या पाहण्यांतली चित्रं ते ओळीने मांडून देतं. माझी आवडती जागा भुजंग तारकासमूहातली, 'सर्पेन्स साउथ' या नावाची. विषुवांश १८ तास ३० मिनिटं, क्रांती उणे २ अंश. चौकट दहा-पंधरा आर्कमिनिटांची ठेवायची (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा). पहिल्या ओळीत जुन्या फोटोकाचांची दृश्यप्रकाशातली चित्रं येतात. तिथे काळसर पट्टा आणि त्याच्या अलीकडचे तुरळक तारे, एवढंच. पुढच्या ओळीत टूमास या संपूर्ण आकाशाच्या अवरक्त पाहणीची चित्रं, १.२५, १.६५ आणि २.१७ मायक्रॉनची. पहिल्यात फारसा फरक नाही. तिसऱ्यात मात्र त्या काळोखात काही ठिपके उमटलेले दिसतात, जे आधीच्या दोन्हींत नव्हते किंवा अगदी पुसट होते. मग इर्साच्या चित्रदर्शकात स्पिट्झर या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीची चित्रं उघडायची. आठ मायक्रॉनच्या चित्रात धुळीचा एक लांब, काळा धागा मागच्या उजेडावर उठून दिसतो आणि त्या धाग्याला धरून ताऱ्यांची दाटी. साडेचार मायक्रॉनच्या चित्रात त्यांच्या आसपास लहान लहान अस्ताव्यस्त फराटे आहेत. नवजात ताऱ्यांमधून सुटलेले वायूचे झोत भोवतालच्या हायड्रोजनवर आदळून तो तिथे उजळलेला असतो.

हा समूह कोणाला माहीतच नव्हता. २००८ मध्ये रॉबर्ट गटरमथ आणि सहकाऱ्यांनी तो स्पिट्झरच्या चित्रांतून शोधला आणि त्यात पहिल्या वर्गाचे ५४ आणि दुसऱ्या वर्गाचे ३७ तरुण तारे मोजले. पहिल्या वर्गातले अजून गर्भकोशासारख्या वायू-धुळीच्या आवरणात असतात. दुसऱ्या वर्गातल्यांचं आवरण गळून नुसती तबकडी उरलेली असते. नंतरच्या मोजमापांनी समूहाचं अंतर सुमारे १४०० प्रकाशवर्षं ठरलं. आकाशगंगेच्या मापाने हे आपल्या अगदी जवळ, आणि तरी २००८ उजाडावं लागलं. ही चित्रं एका ओळीत समोर आली की अवरक्त खगोलशास्त्राची गरज मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी मी फळ्याकडे जातही नाही.

पण इर्साची खरी ताकद माझ्या मते चित्रात नाही, यादीत नाही, त्या दोघांच्या जोडणीत आहे. ऑलवाइज यादी उघडा. २००९ च्या डिसेंबरमध्ये सोडलेल्या वाइज उपग्रहाने ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉन अशा चार पट्ट्यांत संपूर्ण आकाश टिपलं, त्याची ही २०१३ ची सुधारित यादी. साधारण पंचाहत्तर कोटी वस्तू. आपल्या जागेपुरता तुकडा मागवला की पडद्यावर एकीकडे चित्र, एकीकडे तक्ता आणि एकीकडे आलेख येतो. आलेखाच्या आडव्या अक्षावर दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यातल्या प्रतींचा फरक घ्यायचा, उभ्या अक्षावर पहिल्या आणि दुसऱ्यातला. साधे तारे शून्याजवळ गोळा होतात, कारण त्यांची प्रत सगळ्या पट्ट्यांत जवळपास सारखीच. हा प्रतींतला फरक म्हणजेच इथला 'रंग'. २०१२ मध्ये झेवियर केनिग आणि सहकाऱ्यांनी जो नियम मांडला त्यानुसार आडवा फरक २ पेक्षा आणि उभा १ पेक्षा जास्त असला तर ती वस्तू पहिल्या वर्गातली असू शकते. आलेखातला तो वरचा उजवा कोपरा माऊसने घेरायचा, की तेवढ्याच वस्तू तक्त्यात निवडल्या जातात आणि त्याच क्षणी चित्रावर त्यांच्यावर खुणा पडतात. उलटंही होतं. चित्रात एखादा ठिपका संशयास्पद वाटला, त्यावर क्लिक केलं, तर तो आलेखात कुठे बसतो ते दिसतं.

या जोडणीला मी इतकं महत्त्व देते, कारण लाल दिसणारं सगळं तरुण नसतं. या कामातला सगळा घोळ इथेच आहे, आणि जो हा घोळ सोडवायला शिकला तो या विषयात टिकला.

ऑलवाइजच्या तक्त्यात प्रत्येक वस्तूपुढे गुणवत्तेची अक्षरं असतात. 'ए' म्हणजे संकेत गोंगाटाच्या दहा पट किंवा जास्त, 'बी' म्हणजे तीन ते दहा, 'यू' म्हणजे वस्तू त्या पट्ट्यात खरं तर दिसलीच नाही, फक्त कमाल मर्यादा दिली आहे. दुसऱ्या एका रकान्यात दोषखुणा असतात: 'डी' असेल तर शेजारच्या ठळक ताऱ्याच्या किरणरेषेचा परिणाम, 'एच' असेल तर त्याच्या भोवतालच्या वलयाचा. रकान्यांची नावं तुटक, संक्षेपातली आहेत, आणि सोबतची स्पष्टीकरणपुस्तिका वाचल्याशिवाय ती उलगडत नाहीत. ती वाचायलाच हवी. माझ्याकडच्या प्रकल्पांत पहिला आठवडा त्यातच जातो आणि मला तो वाया गेल्यासारखा कधीच वाटला नाही. पण सगळी अक्षरं चांगली असली म्हणून निश्चिंत होता येत नाही. सर्पेन्स साउथच्या पूर्वेला अर्ध्या अंशाच्या आत डब्ल्यू-४० हा तप्त वायूचा तेजस्वी प्रदेश आहे. अशा ठिकाणी १२ आणि २२ मायक्रॉनची पार्श्वभूमीच इतकी उजळ आणि सुरकुतलेली असते की तिच्या एखाद्या उंचवट्यालाच यादी 'तारा' समजते. केनिग आणि डेव्हिड लायसाविट्झ यांनी २०१४ मध्ये या खोट्या नोंदी गाळण्याच्या कसोट्या दिल्या, त्या लावायच्याच. त्यानंतर उरलेल्या प्रत्येक वस्तूचं चित्र उघडून पाहायचं. २२ मायक्रॉनच्या चित्रात त्या जागी खरंच गोल ठिपका आहे का? नसेल तर ती वस्तू खोडायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

खोट्या नोंदी गेल्या तरी खरे तोतये उरतातच. आयुष्याच्या अखेरीला पोचलेले फुगलेले तारे स्वतःभोवती धूळ उधळतात. ती धूळ तापते, आणि अवरक्तात म्हातारा तारा हुबेहूब बाळासारखा दिसतो. वर हे तारे सूर्याच्या हजारो पट तेजस्वी, त्यामुळे आकाशगंगेच्या पार पलीकडूनही दिसतात. टॉमस रोबिटाय आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये स्पिट्झरच्या ग्लिम्प्स पाहणीतून सुमारे १९ हजार मुळातच लाल वस्तू वेगळ्या काढल्या, तेव्हा त्यांचा अंदाज होता की त्यातल्या ५० ते ७० टक्के तरुण आहेत आणि ३० ते ५० टक्के हे म्हातारे. एवढं मोठं प्रमाण! आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर गेलं की तोतये बदलतात, तिथे मागच्या दीर्घिका घोटाळा करतात. वाइजच्या पहिल्या दोन पट्ट्यांतला फरक ०.८ किंवा जास्त असणं ही सक्रिय केंद्रकांच्या, म्हणजे मधलं कृष्णविवर ऐवज गिळत असलेल्या, दीर्घिका शोधण्याची प्रसिद्ध कसोटी आहे, म्हणजे आपला कोपरा त्यांनीही व्यापलेला. मग ओळखायचं कसं? शेजार पाहून. तरुण तारे एकटेदुकटे क्वचित असतात. काळ्या मेघाच्या कडेला, झोतांच्या फराट्यांजवळ, आपल्यासारख्याच पाचदहा जणांत असलेला लाल ठिपका, आणि मोकळ्या आकाशात एकटाच झळकणारा लाल ठिपका, यांच्या रंगांचे आकडे तेच असले तरी मी पहिल्यावर विश्वास ठेवते. हा शेजार आकड्यांत नसतो, चित्रात असतो.

कोणती पाहणी निवडायची, हाही प्रश्न नवख्यांना पडतो. वाइजने आकाशाचा कुठलाच भाग सोडलेला नाही, पण त्याची नजर जाड आहे. पहिल्या तीन पट्ट्यांत सुमारे ६ आर्कसेकंद, चौथ्यात १२. याहून जवळचे दोन ठिपके त्याला वेगळे दिसत नाहीत. स्पिट्झरच्या आयरॅक कॅमेऱ्याची नजर २ आर्कसेकंदांच्या आसपास. सर्पेन्स साउथइतक्या अंतरावर ६ आर्कसेकंद म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे २६०० पट. तिथे एकवेळ चालेल. पण १३ हजार प्रकाशवर्षांवरच्या एखाद्या समूहात तेवढ्याच ठिपक्यात दोनतीन तारे सहज मिसळतात आणि मोजलेला रंग कुणाचाच राहत नाही. म्हणून आकाशगंगेच्या आतल्या पट्ट्यात मी स्पिट्झरच वापरायला लावते. ग्लिम्प्सची मूळ पाहणी त्या पट्ट्याच्या वरखाली एकेक अंशापुरतीच आहे, पण गर्दीही तिथेच असते. टूमास सर्वत्र सोबतीला असते. तिच्या सत्तेचाळीस कोटी ताऱ्यांच्या यादीशिवाय मेघाची जाडी आणि ताऱ्याचा मूळ रंग वेगळे करता येत नाहीत.

इर्सावरचा एक खजिना लोक फारसा उघडत नाहीत, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. वाइजचं शीतक संपलं, उपग्रह काही काळ निजवून ठेवला, आणि २०१३ मध्ये निओवाइज या नावाने पुन्हा जागा केला. मुख्य काम लघुग्रह शोधण्याचं, पण त्या निमित्ताने जुलै २०२४ पर्यंत त्याने पहिल्या दोन पट्ट्यांत संपूर्ण आकाश दर सहा महिन्यांनी पुन्हा पुन्हा टिपलं. म्हणजे तुमच्या कुठल्याही ठिपक्याची दहा वर्षांची नोंदवही तयार आहे. ती मागवायची आणि काळानुसार तेज मांडायचं. नवजात तारे शांतपणे वाढत नाहीत. तबकडीतला ऐवज मध्येच धबाधबा ताऱ्यावर कोसळतो आणि तारा भडकतो. मृग नक्षत्रातला हॉप्स ३८३ हा अगदी कोवळा तारा २००४ ते २००८ या काळात २४ मायक्रॉनमध्ये ३५ पट उजळला, आणि हे लक्षात आलं ते जुन्या-नव्या नोंदी शेजारी ठेवल्यावर. शोध जाहीर झाला २०१५ मध्ये. निओवाइजच्या नोंदींत एखादी वस्तू काही वर्षं सपाट रेषेत चालते आणि मग एकदम एक-दोन प्रती वर चढून तिथेच राहते, तेव्हा खुर्चीत सावरून बसावं असा तो क्षण असतो. हे पाहायला मोठी दुर्बीण लागत नाही, वेळेच्या वाटपाचा अर्ज लागत नाही.

स्वतः शोधायचं नसेल, तयार यादी हवी असेल, तर 'स्पायसी' घ्या. मायकेल कून आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये स्पिट्झरच्या नोंदींवर संगणकाला शिकवून १,१७,४४६ तरुण ताऱ्यांचे उमेदवार निवडले. उमेदवार हा शब्द त्यांनीच प्रामाणिकपणे ठेवला आहे. यातल्या काहींची अंतरं गाया उपग्रहाच्या मोजमापांतून मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांतून आकाशगंगेच्या धनू या सर्पिल भुजेतून तिरकी बाहेर निघालेली सुमारे ३००० प्रकाशवर्षं लांबीची एक फांदी दिसून आली. गरुड, ओमेगा, ट्रायफिड आणि लगून हे चारही प्रसिद्ध तेजोमेघ तिच्यावरच आहेत. हौशी मंडळी पिढ्यान् पिढ्या दुर्बिणीतून हे चार मेघ पाहत आली. ते एकाच रांगेतले आहेत हे दाखवलं ते धुळीआडच्या लेकरांनी.

संगणकाने निवड केली तरी डोळ्याचं काम संपत नाही, हे मी मुलांना 'यलोबॉल'च्या उदाहरणाने पटवते. मिल्की वे प्रोजेक्टमध्ये हजारो स्वयंसेवक स्पिट्झरच्या चित्रांत वायूचे बुडबुडे शोधत होते. काहींना बुडबुड्यांच्या कडेला छोटे पिवळे गोळे दिसले आणि हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. त्या चित्रांत आठ मायक्रॉनचा प्रकाश हिरवा आणि चोवीसचा लाल रंगवलेला होता. दोन्ही एकाच जागी आले की पिवळा. ते निघाले जन्माच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या ताऱ्यांचे प्रदेश. २०१५ च्या शोधनिबंधात असे ९२८ नोंदवले गेले. ते मागणारा नियम कुठल्याच यादीत आधी लिहिलेला नव्हता.

इर्साकडून काय मिळणार नाही, हेही सांगायला हवं. तबकडी गमावलेले तिसऱ्या वर्गाचे तरुण तारे अवरक्तात साध्या ताऱ्यांसारखेच दिसतात. त्यांच्यासाठी क्ष-किरण निरीक्षणं आणि गायाची गतीची मोजमापं लागतात, ती अवरक्त पाहण्यांतून मिळत नाहीत. समूहातले फक्त तबकडीवाले मोजून 'एवढेच तारे' असं कुणी लिहिलं तर तो आकडा मी मान्य करत नाही. दुसऱ्या टोकाला, शून्याव्या वर्गातली अगदी कोवळी पिलं इतकी थंड आवरणात असतात की वाइजला ती बऱ्याचदा दिसतच नाहीत. तिथे हर्शेल दुर्बिणीची ७० ते ५०० मायक्रॉनची चित्रं उघडावी लागतात, आणि ती वाचायला सरावच लागतो. पहिल्या प्रकल्पात मी त्या वाटेला जाऊ देत नाही.

सुरुवात करणाऱ्याने जागा लहान घ्यावी, जवळची घ्यावी आणि आधी कुणीतरी अभ्यासलेली घ्यावी. भुजंगधारीतला ऱ्हो ओफियुकीचा मेघ साडेचारशे प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याच्या तयार याद्या भरपूर आहेत. आपली यादी त्यांच्याशी ताडून पाहिली की आपली चाळणी कुठे फाटकी आहे ते लगेच कळतं. त्यानंतर अनोळखी मेघाकडे वळावं.

मार्च २०२५ मध्ये सोडलेल्या स्फीरेक्सच्या नोंदी आता दर आठवड्याला इर्सावर येऊ लागल्या आहेत. ०.७५ ते ५ मायक्रॉनच्या दरम्यान १०२ रंग, आणि तेही संपूर्ण आकाशाचे. ज्या मेघांत तारे घडतात त्यांतल्या धुळीवर गोठलेलं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या खुणा त्यात वाचता येतील. तरुण ताऱ्याभोवतीचा बर्फ आणि म्हाताऱ्या ताऱ्याची उधळलेली धूळ यांतला फरक रंगांच्या आलेखापेक्षा तिथे जास्त स्वच्छ दिसावा, अशी मला आशा आहे. येत्या वर्षीच्या प्रकल्पासाठी मी ऱ्हो ओफियुकीतल्या आमच्या यादीवर तेच करून पाहणार आहे. स्फीरेक्सच्या चित्राचा एक चौकोन (पिक्सेल) ६.२ आर्कसेकंदांचा आहे. त्यामुळे आकाशगंगेच्या गर्दीच्या पट्ट्यात मात्र स्पिट्झरची चित्रं शेजारी उघडी ठेवूनच काम करावं लागेल.